वकिलीचं शिक्षण: आपल्याकडे आणि शेजारच्या देशांत. सीमाभागातल्या मुलांनी यातून काय घ्यावं?

अनगोळचा_वकील

निकाल लागले की चेंबरला पालकांची ये-जा सुरू होते. पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) पाच वर्षांचा कोर्स करावा की डिग्री घेऊन तीन वर्षांचा? बेळगावातच ठेवावं की कोल्हापूर-पुण्याला धाडावं? मराठी माध्यमातल्या पोराला इथल्या कोर्टात जमेल का? प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

शेजारच्या देशांची तुलना मुद्दाम आणतोय. माझं एलएलएम दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत झालं. सार्क देशांनी मिळून काढलेलं हे विद्यापीठ, त्यामुळे वर्गात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान अशी सगळीकडची मुलं होती. त्यांच्याशी बोलल्यावर आपल्या पद्धतीतलं चांगलं काय आणि लंगडं काय, ते मला जास्त स्पष्ट दिसलं.

पुस्तकं जवळपास सारखीच. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा करार कायदा आणि त्याच सालचा पुरावा कायदा भारत, पाकिस्तान, बांगलादेश तिघांनाही वारशात मिळाला. आपण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणली. खुनाचं ३०२ कलम आपल्याकडे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. लाहोरला आणि ढाक्याला मात्र आजही ३०२ म्हणजे ३०२ च. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्या वकिलांना पाठ असलेले आकडे आता आपल्या नव्या मुलांपेक्षा तिकडच्या मुलांना जास्त ओळखीचे.

फरक पडतो तो पदवी हातात आल्यानंतर. आपल्याकडे १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, सनद घ्यायची आणि ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायचं. ही परीक्षा २०११ पासून सुरू आहे. ती घेण्याच्या बार कौन्सिलच्या अधिकारावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. एकदा सनद मिळाली की खानापूरच्या कोर्टापासून बेंगळूरच्या हायकोर्टापर्यंत कुठेही उभं राहता येतं. सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करायला तेवढी अॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डची वेगळी परीक्षा आहे.

पाकिस्तानात तसं नाही. तिथे पायऱ्या आहेत. आधी सहा महिने ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, मग खालच्या कोर्टांची सनद, दोन वर्षांनी हायकोर्टाची, आणि पुढे बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतर सुप्रीम कोर्टाची. २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांचा कोर्स बंद करून पाच वर्षांचा सक्तीचा केला. कॉलेजात जाताना एक प्रवेश परीक्षा आणि बाहेर पडल्यावर सनदेआधी दुसरी. गल्लोगल्ली निघालेल्या लॉ कॉलेजांना चाप बसावा हा त्यामागचा हेतू.

बांगलादेशातही ज्येष्ठाकडे सहा महिने काढल्यावर बार कौन्सिलची परीक्षा असते, आणि ती तीन टप्प्यांची: आधी पर्यायांची, मग लेखी, मग तोंडी. आपली बार परीक्षा पुस्तक उघडून देता येते, टिपणं नसलेले बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं, आत नेता येतात. ढाक्याची माझी वर्गमैत्रीण हे ऐकून चकित झाली होती. तिच्याकडे हायकोर्ट विभागात उभं राहायला खाली दोन वर्षं काढून पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

उमेदवारीच्या बाबतीत ते आपल्यापुढे आहेत असं मी स्पष्ट म्हणेन. आपल्याकडे मुलगा पदवी घेतो, सनद घेतो आणि काळा कोट घालून सरळ पक्षकारापुढे उभा राहू शकतो. दावा कसा लिहायचा, कैफियत किती दिवसांत द्यायची, मुद्दे कसे निघतात, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. सिनियर चांगला मिळाला तर तरतो, नाहीतर त्याचंही नुकसान आणि पक्षकाराचंही.

खानापूरची_आई

नमस्कार दादा. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे, आर्ट्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कन्नड विषय होता, पण मार्कांपुरता. तिला वकीलच व्हायचंय. घरात कोणी वकील नाही, शेती आहे. शेजारच्या देशात काय चालतं ते वाचून बरं वाटलं, पण तिने काय करावं तेवढं सांगा. दुसरं म्हणजे बायकांना या धंद्यात टिकता येतं का? नातेवाईक फार बोलतात.

निपाणीचा_ज्युनिअर

मावशी, पैशाचं मी सांगतो, कारण ते कुणी उघड बोलत नाही.

सनदेसाठी आता जास्त पैसे लागत नाहीत. पूर्वी राज्यागणिक पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत घ्यायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्यायचं: सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५. गरीब घरच्या मुलांसाठी हा फार मोठा निकाल आहे. सनदेच्या फीसाठी आईची बोरमाळ गहाण टाकलेली मुलं मला माहीत आहेत.

खरी अडचण सनदेनंतरची. पहिली तीन-चार वर्षं सिनियर जे देईल ते. काहीजण पेट्रोलपुरतं देतात, काही तेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात महिना निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात इतके देणारे सिनियर माझ्या तरी बघण्यात नाहीत. म्हणून घरात आधी बोलून घ्या, की इतकी वर्षं आम्ही सांभाळू. मुलगी मग निर्धास्त शिकेल.

आणि न्यायाधीशाची परीक्षा मनात असेल तर हे ध्यानात ठेवा: मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला निदान तीन वर्षांची वकिली लागते. कॉलेजातून थेट परीक्षा, तो मार्ग बंद झाला. बांगलादेशात ताज्या पदवीधराला ज्युडिशियल सर्व्हिसची परीक्षा देता येते असं ऐकलंय. वकीलसाहेब, खरं का?

अनगोळचा_वकील

खरं आहे. तिथे १९९९ चा मासदार हुसेन खटल्याचा निकाल आणि त्यानंतर १ नोव्हेंबर २००७ पासून न्यायखातं कार्यकारी यंत्रणेपासून वेगळं झालं. सहायक न्यायाधीशाच्या जागा ज्युडिशियल सर्व्हिस कमिशन भरतं आणि पदवीधर थेट बसू शकतात. नेपाळची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सरकारी न्याय सेवा आहे. कायद्याचा पदवीधर लोकसेवेतून अधिकारी म्हणून कोर्टात लागतो आणि त्यातले बरेच पुढे जिल्हा न्यायाधीश होतात. कोर्टाची आतली यंत्रणा त्यांना पक्की ठाऊक असते. पक्षकाराचा उंबरठा मात्र त्यांनी ओलांडलेला नसतो. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या अटीमागे हाच विचार आहे आणि मला ती अट योग्य वाटते, जरी तिने गरीब मुलांवर भार टाकला असला तरी.

ताई, बायकांबद्दल विचारलंत. नातेवाइकांना सुशीला कार्कींचं नाव सांगा. बिराटनगरच्या, बनारसला शिकायला होत्या, कायदा त्रिभुवन विद्यापीठातून केला. वकिली करत २०१६ मध्ये नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देश पेटला असताना अंतरिम पंतप्रधान म्हणून त्यांनाच बोलावलं. पाकिस्तानात आयेशा मलिक २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आपल्याकडे फातिमा बीवी १९८९ मध्येच तिथे पोचल्या होत्या. हे झालं वरचं. खाली बेळगावच्या बारमध्येही मुली आता चांगल्या संख्येने दिसतात आणि कौटुंबिक दाव्यांत बायका मोकळेपणाने बोलतात त्या त्यांच्याशीच.

कोर्स कोणता, याचं माझं उत्तर: वकीलच व्हायचं हे पक्कं असेल तर पाच वर्षांचा. एक वर्ष वाचतं. बेळगावात १९३९ साली सुरू झालेलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे, हुबळीच्या कर्नाटक स्टेट लॉ युनिव्हर्सिटीशी जोडलेलं. घरून बसने जाऊन-येऊन होतं. क्लॅट देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात नंबर लागत असेल तर जरूर जावं, पण तिथली फी आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. त्यातले बरेच कंपन्यांकडे आणि मोठ्या लॉ फर्मकडे वळतात. खानापुरात जमिनीचे दावे लढवायचे असतील तर त्याची गरज नाही.

कन्नडचं मात्र आजपासून सुरू करा. आपल्या जिल्हा कोर्टात दावे इंग्रजीत लिहिले जातात, पण साक्ष कन्नडमध्ये नोंदते, पोलिसांचे जबाब कन्नड, समन्स कन्नड, जमिनीचा आरटीसी उतारा (आपला सातबारा) कन्नड. ज्याला ते वाचता येत नाही तो उलटतपासात दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो. कर्नाटकच्या न्यायाधीश परीक्षेतही इंग्रजी-कन्नड भाषांतराचा वेगळा पेपर आहे.

मराठी_आमचा_हक्क

साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. प्रत्येक वेळी आपणच का जुळवून घ्यायचं? १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. आमच्या आजोबांचे जमिनीचे कागद मराठीत, वाटणीपत्र मराठीत, साक्षीदार म्हातारी मराठीत बोलते, आणि ती काय बोलली ते तिला न कळणाऱ्या भाषेत लिहून तिचा अंगठा घेतात. आपल्या मुलांना कन्नड शिका म्हणून सांगायचं आणि हा अन्याय तसाच ठेवायचा? नेपाळात नेपाळी चालते, बांगलादेशात बंगाली. मग अल्पसंख्याकांच्या भाषेचं शेजारी काय करतात ते सांगा ना.

अनगोळचा_वकील

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर श्रीलंकेत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

त्यांच्या राज्यघटनेचं २४ वं कलम सांगतं की सिंहली आणि तामिळ या दोन्ही कोर्टाच्या भाषा. जिथला कारभार तामिळमध्ये, तिथलं कोर्ट तामिळमध्ये. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: पक्षकार कुठल्याही भागातला असो, त्याला या दोहोंपैकी आपल्या भाषेत दावा मांडता येतो आणि कोर्टाची भाषा त्याला येत नसेल तर दुभाष्या आणि भाषांतर पुरवण्याची जबाबदारी सरकारची. पंचवीसहून जास्त वर्षं यादवी सोसलेल्या देशाने हे घटनेत लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात दुभाषे कमी पडतात, तारखा लांबतात, अशी तक्रार जाफन्याचा माझा मित्र करायचा. पण तक्रार करायला हक्क लिहिलेला तर आहे.

शिक्षणातही तीच झटापट झाली. कोलंबोचं लॉ कॉलेज १८७४ चं. देशात वकील व्हायचं तर विद्यापीठाची पदवी असली तरी या कॉलेजच्या परीक्षा द्याव्याच लागतात, मग सहा महिने उमेदवारी, मग सुप्रीम कोर्टापुढे शपथ. तिथे सिंहली, तामिळ, इंग्रजी तिन्ही माध्यमांतून परीक्षा देता येत होती. २०२० च्या शेवटी नियम निघाला की यापुढे इंग्रजीच. खेड्यातल्या मुलांची वाट बंद होईल म्हणून विरोध झाला आणि २०२३ मध्ये संसदेने तो नियम फेटाळून लावला. इंग्रजी येणाऱ्या वकिलाला बाहेरची कामं मिळतात हे खरं, पण जो सिंहली शेतकऱ्याचा बांधाचा दावा लढवणार त्याच्यापुढे इंग्रजीची भिंत कशाला, असा तो वाद होता.

आता आपल्याकडे. साक्षीदाराला कळेल अशा भाषेत साक्ष वाचून दाखवणं हा आपल्याही कायद्यातला नियम आहे. वकिलाने तो मागून घ्यायचा असतो. मी मागतो. म्हातारीचा जबाब मराठीत समजावून दिल्याशिवाय अंगठा होऊ देत नाही. आणि हे मला करता येतं ते समोर लिहिलेलं कन्नड मला वाचता येतं म्हणून. 'असं ती बोललीच नाही' हे सांगायला आधी काय लिहिलंय ते कळावं लागतं. तुमचा हक्काचा लढा वेगळ्या पातळीवर चालू राहू दे, त्यात माझाही वाटा आहे. पण ताईंची मुलगी पाच-सहा वर्षांत कोर्टात उभी राहील, तेव्हा तिच्या पक्षकाराला दावा जिंकून देणारी वकील हवी असेल.

निवृत्त_शिरस्तेदार_चिकोडी

कोर्टात उभी हयात गेली म्हणून लिहितो. वरचा वाद दोन्ही बाजूंनी खरा आहे. पण मुलांनो, त्यात एक काम दडलंय ते कुणी बघत नाही. चिकोडी, अथणी, निपाणी, हुक्केरी या तालुक्यांत जुने फेरफार, बक्षीसपत्रं, गहाणखतं मराठीत आहेत आणि त्यामागची मोडी लिपीत. नवे न्यायाधीश दक्षिण कर्नाटकातून येतात, त्यांना मराठीचं अक्षर वाचता येत नाही. मोडी वाचणारा, मराठी जाणणारा आणि शुद्ध कन्नड-इंग्रजीत भाषांतर करून कोर्टात त्यावर साक्ष देऊ शकणारा माणूस आता शोधून सापडत नाही. वाटणीच्या दाव्यात सगळा निकाल कधीकधी एका मोडी कागदावर फिरतो. तो कागद चुकीचा वाचला तर दोन पिढ्या भांडत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मराठी घरातल्या मुलाने कन्नड आणि मोडी दोन्ही केली तर त्याला या जिल्ह्यात काम कमी पडणार नाही. बेंगळूरच्या हुशार वकिलाला हे येणार नाही आणि पुण्याच्याही नाही.

बीदरवाला

आमच्याकडे त्यात उर्दू धरा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत. भालकीत मराठी बोलणारे, कोर्ट कन्नड, जुनी नोंद उर्दू. शिरस्तेदार काका म्हणतात ते आमच्या भागालाही लागू. आमचं हायकोर्टाचं खंडपीठ कलबुर्गीला, तुमचं धारवाडला. दोन्ही कायम झाली ती २०१३ मध्ये. २००८ मध्ये तात्पुरती (सर्किट) खंडपीठं आली, त्याआधी प्रत्येक अपिलाला बेंगळूर गाठावं लागायचं.

निपाणीचा_ज्युनिअर

खंडपीठावरून आठवलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. निपाणीहून कोल्हापूर धारवाडपेक्षा कितीतरी जवळ. सीमेवरच्या कुटुंबांची जमीन अर्धी कागलला, अर्धी निपाणीला असते. अशा पक्षकाराला दोन्हीकडे एकच वकील चालला तर बरं पडेल. कर्नाटकची सनद तिथे चालते ना?

अनगोळचा_वकील

चालते. अॅडव्होकेट्स अॅक्टचं ३० वं कलम देशभर वकिली करण्याचा हक्क देतं. फक्त तिथल्या हायकोर्टाचे नियम बघायचे, कुठे कुठे स्थानिक वकिलासोबत वकीलपत्र दाखल करावं लागतं. कायमचं तिकडे जायचं ठरलं तर नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याकडे बदलून घेता येतं.

देश ओलांडायचा म्हटलं तर मात्र दारं बंद. नेपाळात वकील व्हायला नेपाळी नागरिक असावं लागतं. आपल्या कायद्यातही परदेशी नागरिकाला तेव्हाच सनद, जेव्हा त्याच्या देशात भारतीयाला मिळते. त्यामुळे शेजारी देशांकडून आपण पद्धत शिकायची, तिथे धंदा करायला जाता येईल अशी आशा धरायची नाही. अपवाद भूतानचा, पण तो उलट्या दिशेने: त्यांचे जुने वकील बहुतेक भारतात शिकलेले. २०१७ मध्ये त्यांचं स्वतःचं पहिलं लॉ स्कूल सुरू झालं.

मराठी_आमचा_हक्क

श्रीलंकेचं कलम वाचलं. साक्ष वाचून दाखवण्याचा नियम आपल्याकडे कुठे आहे ते सांगा. गावात पत्रक करून वाटतो.

अनगोळचा_वकील

फौजदारीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 'साक्षी नोंदवण्याची पद्धत' हा भाग बघा, दिवाणीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर १८. पत्रकाचा मसुदा झाला की मला दाखवा, मी तपासून देतो. मराठी आणि कन्नड दोन्हीत काढा, म्हणजे कोर्टातल्या कारकुनापुढेही धरता येईल.

खानापूरची_आई

मुलीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते पाच वर्षांचंच करणार. कन्नडसाठी आमच्या गल्लीत हायस्कूलच्या निवृत्त बाई आहेत, त्यांना विचारलंय, त्या संध्याकाळी तासभर घेतो म्हणाल्या. शिरस्तेदार काका, मोडी कुठे शिकवतात?

निवृत्त_शिरस्तेदार_चिकोडी

बाळ, मुलीला सुटीत चिकोडीला घेऊन ये. बाराखडी आणि जोडाक्षरं मी शिकवतो, जुन्या खतांच्या झेरॉक्स माझ्याकडे पेटीभर आहेत. पुढे हात बसायला रोज एक पान वाचलं पाहिजे, ते तिचं तिने करायचं.